दारातली अनोळखी बाई

वसुधाताईंच्या घराची बेल मी कधी वाजवली नाही. तशी वेळच येत नसे. त्यांच्या ड्राइव्हवेवर पाऊल टाकलं की दाराशेजारच्या कॅमेऱ्यातून आवाज यायचा, "कोण होय? काहून आले?" बाई तेव्हा असायच्या बॉस्टनच्या ऑफिसात, पण चौकशी चालायची श्रूजबरीतल्या दारात. पार्सलवाला, गवत कापणारे, चर्चची पत्रकं वाटणाऱ्या दोन गोऱ्या आज्या, सगळ्यांना हाच प्रश्न, आणि तोही अस्सल नागपुरी मराठीत. एकदा टर्क्यांचा, म्हणजे कोंबडीहून थोराड अशा जंगली पक्ष्यांचा कळप त्यांच्या अंगणात शिरला, तेव्हा त्यांनाही फोनवरून हेच विचारलेलं मी माझ्या खिडकीतून ऐकलं आहे. टर्क्या गेल्या, म्हणजे प्रश्नात काहीतरी जोर असणारच.

मी शेजारी राहायला आले तेव्हा रीत म्हणून शिऱ्याचा डबा घेऊन गेले. कॅमेऱ्यातून हुकूम आला, "झाकण काढून दाखवा." मी पुण्याची. असल्या अपमानाला आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं, पण हातात गरम डबा होता आणि बाहेर थंडी मरणाची. मी मुकाट्याने कॅमेऱ्याला शिरा दाखवला. दार उघडलं. आत गेल्यावर मात्र त्या बाईने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्यांचं कामच तसं होतं. एका बँकेत संशयास्पद कार्डव्यवहार पकडणाऱ्या विभागात त्या वरच्या जागेवर होत्या. "आधी अडवायचं, मग विचारायचं," हे त्यांचं तत्त्व. "खरा माणूस असला तर चिडून फोन करते. चोर असला तर गप बसते." हे तत्त्व त्या ऑफिसात ठेवून आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मराठी मंडळात नवीन आलेलं जोडपं, लेकीचे मित्र, इंडियन ग्रोसरीतली हळद, सगळ्यांना त्यांनी आधी अडवलं आणि मग विचारलं. त्यांचे यजमान अविनाशभाऊ म्हणायचे, लग्नाआधी मलाही महिनाभर होल्डवर ठेवलं होतं.

पण एकदा आत घेतलं की घेतलं. माझी आई पुण्याहून आली होती तेव्हा बर्फावर घसरून पडली. मी रडत बसले, आणि वसुधाताईंनी ऑफिस सोडून येऊन हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत असा काही आवाज लावला की आईला तासन् तास ताटकळणाऱ्यांच्या आधी आत घेतलं. आई अजून त्यांचं नाव काढते. म्हणून तर राग येतो. ज्या बाईने दुसऱ्याच्या आईसाठी सगळं हॉस्पिटल हलवलं, तिने स्वतःच्या बाबतीत असं का करावं?

आजाराने सुरुवातीला तोंड दाखवलं नाही. सकाळी बोटं आखडायची, गालांवर लाली यायची, जिना चढून आल्या की पायरीवर बसायच्या. डॉक्टरने एकदा स्ट्रेस सांगितला, एकदा वय सांगितलं, एकदा मलम दिलं. सांध्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला अर्धं वर्ष. त्यात इन्शुरन्सवाल्यांची परवानगी. फोनवर तीच ती धून ऐकत त्या स्वयंपाक करायच्या आणि म्हणायच्या, "मी एका मिनिटात लोकांचं कार्ड बंद करते, आणि हे लोक मला बोलायला माणूस देऊन नाही राहिले." शेवटी निदान झालं ल्युपसचं, आणि तोवर ते किडनीपर्यंत पोचलं होतं.

मी वूस्टरच्या एका लॅबमध्ये रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींवरच काम करते. त्यामुळे रिपोर्ट घेऊन त्या थेट माझ्या ओट्यापाशी आल्या. मी भेंडी चिरत होते. म्हटलं, आपल्या अंगात पहारेकरी पेशी असतात. छातीतल्या एका छोट्या ग्रंथीत त्यांची शाळा भरते. तिथे त्यांना घरची माणसं दाखवतात. जी पेशी घरच्यांवरच हात उगारते, तिला तिथल्या तिथे संपवतात. पण काही निसटतात, आणि पुढेमागे कधीतरी बिथरतात. तुमच्या अंगात आता स्वतःच्याच पेशींविरुद्ध हत्यारं तयार होतायत, ती जाऊन किडनीच्या गाळणीत अडकतात आणि तिथे आग लागते.

त्यांनी रिपोर्टची घडी घातली. "म्हणजे खऱ्या कस्टमरचंच कार्ड ब्लॉक करून राहिले."

आमच्याकडे नव्याने येणाऱ्या पदवीधरांना हे समजायला अख्खा आठवडा लागतो. मग त्यांनी विचारलं, हा अडवायचा नियम कोण बदलते? मी म्हटलं, कोणी नाही बदलत, तेवढं आम्हाला अजून येत नाही. पहारेकऱ्यांना गुंगी देता येते, ती स्टिरॉइडने. आग विझेपर्यंत गोळ्या घ्यायच्या आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय एक दिवसही सोडायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, ठीक. मला वाटलं, इतकी समजूतदार पेशंट साऱ्या मॅसॅच्युसेट्सात नसेल.

गोळ्यांनी आग आटोक्यात येऊ लागली. लघवीतली प्रथिनं कमी झाली, बोटं वळू लागली. पण चेहरा फुगला. नुसता भरला नाही, तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला. डोळे बारीक झाले, हनुवटी गळ्यात मिसळली. मंडळाच्या गणपतीत एका बाईने अविनाशभाऊंना विचारलं, वहिनी नाही आल्या का, आणि या कोण, त्यांच्या मोठ्या बहीण का? वसुधाताई शेजारीच आरतीचं तबक घेऊन उभ्या होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दारात एक गोष्ट घडली. आम्ही दोघी बाजार करून आलो. त्यांच्या कॅमेऱ्याला घरच्यांचे चेहरे शिकवलेले होते. ओळखीचं माणूस आलं की तो दिवा हिरवा करून फोनवर नुसतं नाव सांगायचा, अनोळखी दिसलं की दिवा लाल करून बोंब मारायचा. त्या दिवशी वसुधाताई पिशव्या घेऊन स्वतःच्या दारात उभ्या राहिल्या आणि दिवा लाल झाला. पर्समधला फोन वाजला. दारात अनोळखी व्यक्ती आहे, असा निरोप.

"मी होय," त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या. जरा जवळ गेल्या, चष्मा काढला. "मीच होय."

दिवा लालच राहिला. मी हसून घालवायला गेले, की ताई, तुमचाच चेला, आधी अडवणार. त्या हसल्या नाहीत. किल्ली काढून आत गेल्या आणि दूध फ्रिजमध्ये ठेवायचंही विसरल्या.

आता मंडळाबद्दल बोलायलाच हवं. आपल्या लोकांना कोणी आजारी पडलं की एकच गोष्ट सुचते, इम्युनिटी वाढवा. सर्दी झाली, वाढवा. पाठ दुखली, वाढवा. जिचा आजारच मुळी पहारेकरी माजल्याचा आहे, तिच्या घरीही हे लोक च्यवनप्राश, अश्वगंधा आणि काढ्याचे थर्मास घेऊन आले. सगळे शिकलेले, निम्मे आयआयटीतले. मी तोंड फोडून सांगितलं तर एक काका मला म्हणाले, अगं, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नसतात. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. विंचवाचं विषही नॅचरलच असतं.

वसुधाताईंनी तो काढा कोणाचाच घेतला नाही. त्यांना भेसळीचा संशय. म्हणून त्यांनी काय करावं? नागपूरच्या बहिणीला सांगून गुळवेलीचा तुकडा मागवला. येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या बॅगेत, ओल्या मोज्यात गुंडाळून तो आला. विमानतळावरच्या कुत्र्यालाही त्याचा वास लागला नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूला दारात अडवणाऱ्या बाईने ही एक वेल मात्र काही न विचारता आत घेतली, कारण ती माहेरची होती. खिडकीशी कुंडी, वर रोपं वाढवायचा निळसर दिवा. वेल फोफावली. ताई रोज सकाळी तिचं खोड कुटून काढा घेऊ लागल्या, आणि गोळ्या त्यांनी मनानेच कमी करत आणून एक दिवस बंद केल्या.

मला कळलं दिवाळीत. चेहरा उतरला होता, हनुवटी परत आली होती, कॅमेराही पुन्हा नाव घेऊ लागला होता. मंडळात जो तो म्हणत होता, वसुधा, किती छान दिसतेस, काढा मानवला बघ तुला. मी फराळाची ताटली खाली ठेवली आणि त्यांना घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले.

"गोळ्या घेताय?"

"नाही."

"ताई, ज्यांनी घराला आग लावली त्याच पहारेकऱ्यांना तुम्ही दूध-बदाम खाऊ घालताय."

"मला समजते, शुभा. तू सांगितलं ते सगळं समजते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण त्या गोळ्यांनी जी बाई येते ना, ती मी नाही होय. मला माझ्या घरात येऊ देत नाही कोणी."

मी म्हटलं, किडनी आरशात दिसत नाही म्हणून तिचं काहीच नाही का? त्या म्हणाल्या, पुढच्या तपासणीत पाहू. मी अल्फारेटात राहणाऱ्या त्यांच्या लेकीला, ईशाला, फोन केला. तिने आईला फोन केला. ती म्हणाली, "आई, जस्ट टेक द पिल्स, प्लीज." अविनाशभाऊंनी हातापाया पडून पाहिलं. बाई अडाणी असती तर समजावून सांगता आलं असतं. सगळं समजलेल्या माणसाला काय समजावणार?

पुढची तपासणी यायच्या आतच पाय सुजले, श्वास लागला. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की किडनीचा बराचसा भाग गेला, आणि गेलेला परत येत नाही. आता अधिक जहाल औषधं लागतील. ताईंनी मान डोलावली. घरी आल्यावर त्यांनी माझ्यासमोर वेल मुळासकट उपटून काळ्या पिशवीत घातली. मग चेहरा पुन्हा फुगला तेव्हा त्या स्वतःच कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि फोनवर त्या चेहऱ्यालाही आपलं नाव दिलं. "येऊ द्या तिलाही," म्हणाल्या. हेच आधी करता आलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं.

औषधांनी पहारेकरी झोपले ते चोरांच्याही, म्हणजे खऱ्या रोगजंतूंच्याही बाबतीत. त्या हिवाळ्यात ताईंनी घराची दारं बंद केली. मलासुद्धा डबा पायरीवर ठेवून कॅमेऱ्याशी बोलावं लागे. "आत आता कोणी जागं नाही, म्हणून मी दारात बसते," त्या म्हणायच्या. तपासण्यांसाठी मात्र हॉस्पिटलात जावंच लागे. तिथे नाहीतर आणखी कुठे कोणीतरी खोकलं असेल. ज्या बाईने टर्क्यांनासुद्धा प्रश्न विचारला, तिला हे न विचारता आत आलेलं कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात सगळं संपलं.

शोकसभेत ते नॅचरलवाले काका उठले आणि हळहळून म्हणाले, काढा सोडला आणि इम्युनिटी कमी पडली हो. मी खुर्ची मागे ढकलून बाहेर आले. पार्किंगमध्ये गाडीत बसून एकटीच मोठमोठ्याने भांडले. काकांशी, इन्शुरन्सशी, अर्ध्या वर्षाने भेटणाऱ्या डॉक्टरशी, आणि सर्वांत जास्त वसुधाताईंशी. चेहऱ्यापायी, ताई? एका चेहऱ्यापायी?

त्यांच्या कॅमेऱ्याचं ॲप माझ्याही फोनवर आहे. ते दोघं भारतात गेले की कुंड्यांना पाणी घालायला मी जायचे, म्हणून त्यांनीच ते दिलं होतं. काढून टाकायचं राहून गेलं. परवा लॅबमध्ये असताना फोन वाजला. पाहते तर निरोप, वसुधा दारात आहे.

हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. उघडून बघितलं. ईशा होती. वडिलांकडे आली होती. केस आखूड कापलेले, अंगात आईचं निळं जॅकेट, आणि चेहरा अगदी वसुधाताईंचा, आजाराआधीचा. मेल्या, आता ओळखतोस होय? मी मनातल्या मनात त्या कॅमेऱ्याला शिवी हासडली आणि बोलायचं बटण दाबलं. काय बोलणार होते कोण जाणे. तोंडातून आलं, "कोण होय? काहून आली?"

ईशा दचकली. मग कॅमेऱ्याच्या जवळ आली. ही मुलगी आजवर मला कायम इंग्रजीतून उत्तरं देत आली.

"मी होय," ती म्हणाली. "मीच होय."

ॲपमधला दिवा हिरवाच होता. याच दारात, याच शब्दांत त्या बाईनेही त्या डबड्याला सांगितलं होतं, आणि तेव्हा त्याला ते पटलं नव्हतं.