दंडावरचा पट्टा

माझ्या आत्याने उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली. ती निवृत्त झाली, पण तिचा आवाज काही निवृत्त झाला नाही.

आई गेल्यापासून बाबा घरात फारसं बोलत नसत. रविवारी मात्र कपाटातलं पिस्तूल घेऊन शूटिंग रेंजवर जायचे. माझ्या जिवाला घोर लागला, म्हणून मी त्यांच्यासाठी प्रथमोपचाराची चांगली मोठी पेटी आणली आणि आत्याला दाखवायला बोलावलं.

तिने पेटी जेवणाच्या टेबलावर सरळ पालथी केली. "थर्मामीटर? गोळी लागल्यावर ताप बघणार का तुझा बाप?"

मलमं, खोकल्याच्या गोळ्या तिने बाजूला सारल्या. स्वतःच्या पिशवीतून जाड गॉज आणि रक्त थांबवायचा पट्टा काढला. मग बाबांना हाक मारली.

"हा दंडावर बांधून दाखव."

बाबांनी एका हाताने बरीच खटपट केली. पट्टा सैलच राहिला.

"तिथे बांधायला सोबत कोण असतं?"

"कुणी नाही. मी अगदी टोकाची जागा घेतो."

"का?"

बाबा दंडावरचा पट्टा सोडायला लागले.

आत्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. तिने सगळं पेटीत भरलं, पेटी आपल्या पिशवीत टाकली आणि हात पुढे केला.

"ही माझ्याकडे राहील. त्या कपाटाची किल्लीही दे. रविवारी मला घ्यायला ये, दोघं जाऊ."

बाबा चिडतील असं मला वाटलं. पण कुणी मागायचीच वाट बघत असल्यासारखी त्यांनी खिशातून किल्ली इतक्या पटकन काढून दिली, की मला धडकीच भरली.