पाइपाला हात

मी सहावीत असताना वडिलांचं उजवं मनगट मोडलं. बोरी बुद्रुकात आमची जमीन नव्हती. गावातल्या चार भावांच्या सामाईक विहिरीवर ते रोजानं त्यांच्या पिकांना पाणी धरायचे. मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कुणाची मोटार कधी चालू, कधी बंद, असा पाळीचा कागद चिकटवलेला असे. त्या दिवशी कागदावर मोटार बंद म्हणून त्यांनी पाइपाचा जोड खोलला. मोटार चालू होती. जोड उडून मनगटावर बसला. पुढचं वर्षभर आई एकटी कांद्याच्या खुरपणीला गेली, आणि मी जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून सातवी केली. तेव्हापासून वडील सांगायचे, "कागद काय बी म्हनू दे, आधी पाइपाला हात लाव. गार लागला, थरथरला, म्हंजी चालू."

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आंबेगाव तालुक्यातल्या एका शीतगृहात सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली, पण प्रोबेशनवर. सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची खोक्यांची कोठी. खिडकी नाही. दार बाहेरून कार्डानं उघडायचं. आतलं बटण बिघडलेलं, त्यामुळे बाहेर पडायला वॉचमनला फोन करावा लागे.

द्राक्षांच्या हंगामात, आमच्या सर्व्हरवरून मालाचं तापमान बघणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं : तुमचा सर्व्हर सध्या कोणत्या सिस्टिम लायब्रऱ्या वापरतो, ते लिहून द्या. लायब्ररी म्हणजे पुष्कळ प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड. त्यातल्या एकीच्या जुन्या आवृत्तीत खोट निघाली होती, बाहेरचा माणूस तिथून आत शिरू शकत होता. मी एक कमांड दिली, यादी निघाली, सगळ्या नव्या. सही करून दिली.

चार दिवसांनी उत्तर आलं. आम्ही बाहेरून तपासलं, जुनीच चालू आहे. शनिवारपर्यंत खरं कळवा, नाहीतर माल घेणार नाही.

शीतगृहाचे मालक शेठ जुन्नरच्या पेठेतले, तीन पिढ्यांचे व्यापारी. आवाज कधी चढवत नसत. "मॅडम, तुम्ही म्हणता नवी, ते म्हणतात जुनी. सही तुमची आहे."

"सर्व्हर एकदा बंद करून चालू करते," मी म्हटलं.

शीतगृहाचे मुकादम दारातच उभे होते. "न्हाई ताई. खोल्यांची थंडी त्याच्यावरच चालती. द्राक्षं मऊ पडली तर लोक खापर माझ्याच डोक्यावर फोडत्याल."

"शनिवारपर्यंत," शेठ म्हणाले. "नाहीतर मी दुसरं शिकलेलं माणूस बघतो."

पुढचे दोन दिवस मी त्या कोठीत काढले. तीच कमांड, तीच यादी, सगळ्या नव्या. एसीचा वारा मानेवर. आईचा फोन आला, "कायम झालीस ना गं? भावकीत पेढे वाटू का?" मी म्हटलं, जरा थांब.

शुक्रवारी दुपारी बाहेर पडायला वॉचमनला फोन केला. तो जेवायला गेलेला. दार बंद, मी आत. वैतागून सर्व्हरच्या लोखंडी रॅकवर हात टेकला. लोखंड गार होतं आणि थरथरत होतं.

तिथंच उभी राहिले. माझी यादी म्हणजे पाळीचा कागद होता. सर्व्हरवर काय बसवलंय एवढंच तिच्यात होतं. चालू काय आहे ते मी विचारलंच नव्हतं.

मग चालू असलेल्या एकेका प्रोग्रामला विचारत गेले, तू आत्ता कोणती फाईल धरून बसलास? गिऱ्हाइकाला खोल्यांचं तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामपाशी जुन्या लायब्ररीचं नाव सापडलं. पुढे लिहिलेलं, डिलीटेड. माझ्या आधीच्या माणसानं जुनी फाईल काढून नवी बसवली होती, पण हा प्रोग्राम त्याआधीपासून चालू. त्याला कुणी थांबवलंच नव्हतं. पुसलेली फाईल तो मेमरीत धरून होता.

मुकादमांना सांगितलं, हा एकच प्रोग्राम बंद होईल, मिनिटभर. थंडीला धक्का नाही.

"मिनिट म्हंजी मिनिटच ना, ताई?" असं म्हणून ते तापमानाच्या काट्यासमोर जाऊन उभे राहिले. काटा हलला नाही. प्रोग्राम पुन्हा चालू झाल्यावर मी परत विचारलं. आता नवी होती.

मग सर्व्हरवर खरोखर चालू असलेल्या प्रत्येक लायब्ररीची नवी यादी मी केली. शेठनी ती उभ्याउभ्या वाचली. "आणि आधीची?"

"ती चुकीची होती. तेही खाली लिहिलंय."

त्यांनी कागद तसाच पाठवायला सांगितला. शनिवारी गिऱ्हाइकाचा होकार आला. पुढच्या महिन्यात मी नोकरीत कायम झाले.