सर्बियाचा म्हातारा आणि माझा अर्धा गुण

शहाणपणा शिकवणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे. सर्बियाचा एक म्हातारा ग्रँडमास्टर मला आवडला तोही त्यामुळेच, 'आता थांब' म्हणणाऱ्यांचं तो ऐकत नव्हता. नांदेडच्या एका वाचनालयात माझा मामा शिपाई होता. रद्दीत जाणाऱ्या पेपरांतले बुद्धिबळाचे कोपरे कापून तो आम्हाला चाकूरला पाठवायचा. त्यांतून कळलं की या माणसाचं वय झालंय, कालची पोरं त्याला हरवतायत, आणि तरी त्याच्या देशात लोक त्यालाच बघायला गर्दी करतात. रस्त्यात भाजीवालेसुद्धा त्याला नावानं हाक मारतात म्हणे. जिंकतो म्हणून नव्हे, डाव सहजासहजी सोडत नाही म्हणून. काळे मोहरे घेऊन तो ज्या पद्धतीनं खेळायचा तिला जगभर भारतीय बचाव म्हणतात, हे वाचून तर माझीच छाती फुगली. त्या साली दुष्काळ होता; टँकरच्या रांगेत घागर पुढं सरकवत मी त्याचे डाव तोंडपाठ केले.

त्याच दुष्काळात नव्या लातूर जिल्ह्याचा पहिला संघ निवडायला स्पर्धा भरली. चौघं पुढच्या स्पर्धेला औरंगाबादला जाणार होते. खेळणाऱ्यांत मी एकटीच मुलगी, सतरा वर्षांची. शेवटच्या फेरीत मला अर्धा गुण, म्हणजे नुसती बरोबरी, पुरे होती, आणि समोर आले लातूरचे एक वकील. आम्हाला पाणी प्रत्येकी एक पेला. वकिलांचा थर्मास वेगळा.

"चाकूरची का? तिकडं अजून देशी नियमानंच खेळतेत म्हणे," ते पंचांना म्हणाले. दोघंही हसले. मला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

तीन तासांनी माझ्याकडं राजा आणि एक अडलेलं प्यादं उरलं. त्यांच्याकडं वजीर होता. पंच वाकून म्हणाले, "सोड आता. पोरीच्या जातीनं एवढा हट्ट कशाला करायलीस?"

"सोडणार न्हाई. मात करू द्या त्यांना."

वकिलांनी ऐटीत वजीर सरकवला. राजाला शह नव्हता, पण मला हलायला एकही घर उरलं नव्हतं. ते पुन्हा वजिराला हात घालत म्हणाले, "कोंडी झाली की. थांब, तुला एक घर देतो."

आमच्याकडच्या देशी खेळात तसंच असतं. कोंडी करणाऱ्यानं आपली चाल बदलायची. म्हणजे कोट कितीही इस्त्रीचा असला तरी साहेब शिकले होते पारावरच. पंचांनी नाइलाजानं त्यांचा हात धरला. "वकीलसाहेब, इथं चाल परत घेता येत न्हाई. कोंडी झाली की डाव बरोबरीत."

यादीत चौथं नाव माझं लागलं, पाचवं वकिलांचं. मला आनंद झाला, आणि त्यांचं तोंड बघून जास्तच झाला. खोटं कशाला बोलू?

पंच मात्र यादीवर पेन टेकवून बसले. "एकटी पोरगी औरंगाबादला कशी पाठवायची? वकीलसाहेबांनाच जाऊ दे की."

"तिथं डाव एकटीनंच खेळायचा हाय ना, सर?" मी विचारलं. "मग करा सही."

आणि सही होईपर्यंत मी त्या टेबलापासून हलले नाही.