जागं राहायची गोळी

उमरग्याच्या एका दवाखान्यातले कंपाउंडर आबाराव कुणाच्या अध्यात ना मध्यात. बहात्तरच्या दुष्काळात बिराप्पा धनगर ट्रकनं जनावरांच्या छावण्यांना कडबा पोचवायचा. गाडी चालवताना डोळा लागतोय म्हणाला, तेव्हा आबारावांनीच कपाटातली जागं राहायची गोळी काढून दिली. अर्धीच दिली होती, असं ते अजून स्वतःला बजावत. अर्धी म्हणे!

अर्धीची एक झाली, एकीच्या चार झाल्या. बिराप्पा तीन-तीन दिवस झोपेना, भाकरीला शिवेना. दात हलायला लागले. बायको आपल्यावर पाळत ठेवते म्हणून त्यानं तिला माहेरी हाकललं. पुढं पाऊस झाला, छावण्या उठल्या. गोळी काही सुटली नाही.

शेवटी आबाराव मुरुम गावाजवळच्या त्याच्या वस्तीवर गेले. भर दुपारी बिराप्पा अंगणात बसून बापाचं घोंगडं उसवत होता. अंगावर किडे चालतात, ते ह्यातनंच येतात, असं पुटपुटत एकेक धागा ओढत होता. खाजवून खाजवून दंड सोलले होते. त्यानं मान वर करून बघितलंही नाही.

त्याच्या आईनं, धुरपताबाईनं, हात जोडले. "डाक्टर, देवावानी आलात बगा. तुमची ती गोळी असंल तर द्या. ती घेतली की माजं लेकरू घटकाभर माणसात येतंय."

सगळं कबूल करायचं ठरवूनच आबाराव आले होते. पण हात खिशात गेला. गोळ्या त्यांनी येतानाच बरोबर घेतल्या होत्या.