अर्धमेल्यांचा थांबा

मृत्यूपुढे कुणाचंही काही चालत नाही. चालतं ते फक्त जाड कवचात झोपून राहणाऱ्या जिवाणूंचं, म्हणजे बीजाणूंचं, आणि तेही गॅस सोडण्याआधी माल नीट दमट केला नसेल तर.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत जेवणानंतर वसुधा ठोंबरेची मान पेंगेने खाली झुकतेय. नवजात बाळांना दूध भरवायच्या नळ्यांचा लॉट गॅसने निर्जंतुक करून झालाय. त्याच गॅसमधून काढलेले बीजाणू घातलेल्या तपासणीच्या काचनळ्या उबदार कपाटात स्वच्छ दिसताहेत; एखादा जिवंत असला तर नळी गढुळेल, पण तेवढी वाट पाहायची मुदत अजून संपलेली नाही. मॅनेजर भांडारेंना माल सोडायची सही आजच हवी आहे. ट्रक फाटकाशी उभा आहे.

ती कपाटाचं दार उघडते. आत एसटी आहे. सीटासीटावर कुणी ना कुणी जाड घोंगडी लपेटून झोपलंय. तिकिटं फाडत फडतरे सर येतात. तिचे जुने साहेब, गेल्या श्रावणात वारलेले.

“सर, तुम्ही?”

“पुढे सरका ठोंबरे, दारात गर्दी नको.”

“हे बीजाणू मेलेत ना? गॅस भरपूर दिला होता.”

“गॅस दिलात. पाणी विचारलंत का पाहुण्यांना?” सर एक घोंगडी चाचपतात. “ठणठणीत कोरडी! यातून गॅस आत शिरतोय होय? आणि हा शेजारचा नुसता जायबंदी झालाय. उठेल, पण उशिरा. त्याचा थांबा यायचाय अजून.”

एसटी वळते आणि खिडक्यांखाली बाळांच्या काचपेट्या आहेत. मागे कुणीतरी जांभई देतं.

“भांडारेसाहेब म्हणतात, काचनळ्या स्वच्छ आहेत, मग थांबायचं कशाला?”

“मला तरी कुठे थांबवलंत? दुपारी गेलो, चहाच्या आत अंत्यविधी उरकलात.”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं, सर...”

“तक्रार नाही. मी खरंच गेलो होतो. यांचं तसं नाही.”

आणखी एक जांभई, अगदी पेटीला लागून. वसुधा पेटीकडे झेपावते. सर तिचा हात धरून सीटखालच्या पाण्याच्या हंड्यात कोपरापर्यंत बुडवतात. “असा लागतो ओलावा, असा!”

ती दचकून उठते. टेबल कोरडं, नळ बंद. उजवी बाही कोपरापर्यंत निथळतेय. फोन वाजतोय.

“मॅडम, झाली सही?”

“नाही साहेब. काचनळ्या मुदतभर राहतील. आणि गॅसच्या आधी वाफ नीट सुटली होती का, ते मला बघायचंय.”

“अहो, ट्रक उभाय! वर काय सांगू मी?”

“सांगा, ठोंबरेबाई अडून बसल्यात.”

पलीकडे भांडारे ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगतात.

“आणि साहेब,” बाही पिळत ती म्हणते, “कुणाच्या हाती एखादा कोरडा टॉवेल पाठवता का?”