स्वभाववाले सर

दूध उतू चाललं तरी स्वभाववाले सर गॅस बंद करायला उठत नसत. आधी ते का उतू जातं, हे समोरच्याकडून वदवून घेत. कोणी "नियमानुसार" म्हणालं की संपलंच. "नियमानं येऊन दुधाले ढकललं काय?" मग आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज यायचा, "स्वभाव दुधाचा, अन् शेगडी पुसू मी?"

सर मूळचे रोहण्याचे. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि सिंदी मेघेत आमच्या शेजारी राहायला आले. ते सांगत, या विषयात आजही जगभर भांडण चालू आहे. काही म्हणतात, निसर्गाचे नियम वस्तूंवर राज्य करतात. काही म्हणतात, वस्तूचं वागणं तिच्या मूळ स्वभावातच असतं. नियम आपण मागाहून लिहितो. सर या दुसऱ्यांतले. "मीठ पाण्यात विरघळते. त्याले कोणाचा हुकूम लागत नाई. जे विरघळत नाई, ते मीठच नाई." यावर ते पुस्तक लिहीत होते आणि दर रविवारी ताजं प्रकरण मला वाचून दाखवत.

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची पोरगी. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, आणि गुरुत्वाकर्षण जणू माझ्या माहेरून आलंय अशी मिरवणारी. एका रविवारी, काकूंची भजी खाता खाता, मी टाकला प्रश्न, "सर, मिठाचं ठीक आहे. पण ऊर्जा नष्ट होत नाही, हा नियम कोणाचा स्वभाव? तो तर एकट्या कुठल्याच वस्तूचा नाही."

सरांनी हातातलं भजं परत ताटलीत ठेवलं. मग वही मिटून म्हणाले, "बाई, तुमी मले अडवलं."

मी त्या दिवशी घरी चालत नाही, तरंगत गेले. वर आणखी चार भजी बांधून घेऊन.

तिथून सरांचं लिहिणं थांबलं. "उत्तर सापडेपर्यंत पुढं जायचं नाई. पोकळ पुस्तक लोकायच्या हाती काऊन द्यावं?" काकू कुंपणापाशी मला म्हणाल्या, "बाई, काय विचारलं तुमी यायले? जेवणात ध्यान नाई राह्यलं." मी लाजल्यासारखं हसले. आतून फुगले होते. ओळखीपाळखीत सांगत सुटले, सरांना मी गप्प केलं म्हणून.

पुढे काही महिन्यांनी आष्टीहून एसटीनं परतताना मलाच उत्तर सुचलं. तो एकट्या वस्तूचा स्वभाव नाही, पण सगळ्या जगाचा मिळून एक स्वभाव असू शकतो की! शेजारणीला कोपर लागेल इतकी दचकले. घरी आल्यावर सरांचं दार उघडंच होतं. मी गेले नाही. म्हटलं, राहू दे थोडे दिवस अडकलेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विद्वान माझ्यामुळे अडला होता, ते सुख मला सोडवेना. थोडे दिवस म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

मग सर अंथरुणाला खिळले. हातात पेन धरवेना. तेव्हा मी जाऊन उशाशी बसले आणि ते उत्तर सांगितलं.

त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "लंगडं हाये. पण त्याच्यावर पुस्तक चाललं असतं. कधी सुचलं?"

"चार वर्षं झाली."

सरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, माझा स्वभावच मेला असा..."

"स्वभाव म्हणू नका," सर म्हणाले. "दगडाले इलाज नसते. तुमाले तोंड होतं." आणि भिंतीकडे वळले.

पंधरवड्यात गेले. तेरावं झाल्यावर काकू वही घेऊन आल्या. "तुमीच पुरं करा बाई. त्यायचा तुमच्यावर लय भरोसा होता." सरांनी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. मी वही घेतली.

आता मी बहात्तरची आहे, आणि वहीत सरांच्या शेवटच्या ओळीखाली एक अक्षर वाढलेलं नाही. काकू अजूनही कुंपणापाशी येऊन विचारतात, "किती झालं लिहून?"

मी म्हणते, "चालू आहे."