आखाजीच्या दिवशी ठेवलेली सुनावणी

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले होते, धुळ्याजवळच्या आमच्या गावी... आणि रस्त्याच्या सुनावणीत भांडून आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

गावाला लागून राखीव जंगल आहे. अंजन, पळस, थोडा साग... तिथली वाळकी काडी उचलली तरी गार्ड दरडावतो, हे लहानपणापासून बघतेय. आता तिथूनच चौपदरी रस्ता काढायचा घाट घातलाय. कडेनं जाणार म्हणतात, पण अर्धा रस्ता जंगलाच्या पोटातूनच जातो. माळावरून दुसरा मार्ग आहे की! पण तो जरा लांबचा पडतो म्हणे.

लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी ठेवली. कधी? ऐन आखाजीला, भर सकाळी! खान्देशात त्या दिवशी कुणी कामाला बाहेर पडत नाही. पितरांची घागर भरायची, खापरावरची पुरणपोळी खायची, मग पुरुषमंडळी पत्त्यांना बसणार. कुणी फिरकणार नाही, 'कोणाची हरकत नाही' असं लिहून मोकळं व्हायचं...

पण आखाजीला गावच्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात, हे सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या ध्यानातच आलं नाही. आमचे झोके जंगलाच्या कडेच्या निंबांनाच बांधलेले होते. माझी मोठी बहीण, अक्का, झोक्यावरून उतरली आणि म्हणाली, "चला वं, बठ्ठ्या जनी चला!" सगळ्याच्या सगळ्या निघालो. मेंदीचे हात, नव्या साड्या, कडेवर पोरं... शाळेचा हॉल भरून गेला.

साहेबांनी आमच्याकडे एकवार पाहिलं. "ताई, तुम्ही सगळ्या सासरी राहता ना? मग तुम्ही इथल्या रहिवासी नाही. तुमची हरकत घेता येणार नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली! जळगावात मेहरूणला राहून, ऑफिसात बोलून बोलून माझी भाषा अगदी शुद्ध झालीय. पण त्या क्षणी तोंडातून माहेरचंच निघालं... "आम्ही आठल्या नहीत, मंग हाऊ रस्ता आखनारा तुम्ही तरी आठला शेतस का?"

आम्ही इथल्या नाही, तर रस्ता आखणारे तुम्ही तरी इथले आहात का, एवढंच विचारलं. मग मागून पुरुषांचेही आवाज यायला लागले. पत्ते टाकून आले होते बिचारे. साहेबांनी कागद गोळा केले आणि सुनावणी पुढे ढकलली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला काही वाजवाव्याशा वाटल्या नाहीत... पुढची तारीखही तेच साहेब ठरवणार होते.

काल भावाचा फोन आला. नवी तारीख लागलीय, ऐन पेरणीच्या दिवसांत. म्हणजे पुरुष शेतात आणि लेकी सासरी. लबाडी बघा!

मी आमच्या माहेरवाशिणींच्या ग्रुपवर तारीख टाकली. आता एकेकीचं उत्तर येतंय, 'येतेय'. सुरतेहून, नाशिकहून, असोद्याहून... माहेरी यायला दर वेळी सणच लागतो असं थोडंच आहे!